गोल्फमध्ये टायगर वूड्ससारखं वर्षानुवर्षं राज्य दुसऱ्या कुणाला का जमत नाही?

प्रश्नाखाली टेनिसचा दाखला दिलाय. फेडरर, नदाल, जोकोविच वीस वर्षं बाकीच्यांना डोकं वर काढू देत नव्हते, मग गोल्फमध्ये दर दोन वर्षांनी नवीनच नाव कसं येतं? आणि शेवटी विचारलंय, "एकदा पैसा आला की या खेळाडूंची भूक मरते का?" या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलोय.

कारण हे वाक्य मी आमच्या दाजींकडून कायम ऐकतो. दाजी कराडकडचे, तरुणपणी लाल मातीत घाम गाळलेले. माझं साताऱ्यात राजवाड्याजवळ खेळाच्या सामानाचं दुकान आहे. दाजी शहरात कामाला आले की गल्ल्याशेजारी स्टूल ओढून बसतात आणि मला डिवचायला म्हणतात, "पाव्हणं, तुमचा टायगर पैशानं आन् बायकांनी संपवला बघा."

नाही संपवला. 2008 ची यूएस ओपन तो डाव्या पायाचं हाड तडकलेलं आणि गुडघ्याचा लिगामेंट तुटलेला असताना 91 होल खेळून जिंकला. तेव्हा त्याच्याकडे पैसा कमी होता का? 2009 च्या शेवटी घरातली भानगड चव्हाट्यावर आली, तरी 2013 ला पाच स्पर्धा जिंकून तो परत पहिल्या नंबरवर होता. 2014 ला पाठीवर पहिलं ऑपरेशन झालं. हिशोब तारखांनी करावा, चावडीवरच्या गप्पांनी नाही.

टेनिसचं म्हणाल तर ते गणितच वेगळं. तिथं सात माणसं हरवली की ग्रँड स्लॅम. मानांकनामुळे तगडे गडी सुरुवातीला समोर येतच नाहीत, आणि समोरच्याचा बॅकहँड कच्चा असेल तर तिथंच मारत राहून त्याचा खेळ नासवता येतो. गोल्फमध्ये 156 जण एकदम सुटतात आणि दुसऱ्याच्या चेंडूला तुम्ही काहीही करू शकत नाही. दाजींना मी एकदा म्हणालो, "समजा आखाड्यात एकदम दीडशे पैलवान सोडले. जोड लावायची नाही, कुणी कुणाला हात लावायचा नाही. चार दिवस ज्यानं त्यानं आपापला जोर दाखवायचा आणि शेवटी एकालाच गदा. किती वर्षं न्याल घरी?" दाजी म्हणाले, "ही काय कुस्ती हाय व्हय?" चला, एवढं तरी मान्य झालं.

त्या दीडशेंत दर आठवड्याला एखाद्याचं सगळं जुळून येतं. 2009 च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तिसऱ्या दिवसाअखेर टायगर दोन फटक्यांनी पुढं होता. त्याआधी मेजरमध्ये (वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांत) 14 वेळा तो शेवटच्या दिवशी आघाडी घेऊन मैदानात उतरला होता आणि चौदाही वेळा जिंकला होता. समोर कोरियाचा यांग, ज्याचं नाव निम्म्या प्रेक्षकांना ठाऊक नव्हतं. त्यानं चौदाव्या होलला ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) बाहेरून चिप, म्हणजे छोटा उचललेला फटका, मारला, तो सरळ होलमध्ये. जिंकला यांग. जॅक निकलसच्या 18 मेजर सगळ्यांना पाठ असतात, पण मेजरमध्ये तो 19 वेळा दुसरा आलाय. म्हणजे मेजरच्या इतिहासातला सर्वांत यशस्वी माणूससुद्धा पहिला येण्यापेक्षा दुसराच जास्त वेळा आला. पीजीए टूर, म्हणजे अमेरिकेतली मुख्य व्यावसायिक मालिका, तिथल्या टायगरच्या 82 विजेतेपदांशी बरोबरी एकट्या सॅम स्नीड या जुन्या गोल्फरची, आणि तरी टायगर साधारण पाच स्पर्धांत एक जिंकायचा. बाकी चार हरायचा. याला गोल्फमध्ये राज्य म्हणतात.

आता माझं दुखणं. दुकानाच्या आधी मी पुण्यात कॅडी होतो, म्हणजे खेळाडूची बॅग उचलणारा आणि त्याला अंतर सांगणारा. मामा येरवड्याला राहायचे, त्यांच्या ओळखीनं शाळा सुटल्यावर बॅग उचलायला लागलो आणि पुढं देशी टूरवर एका प्रोची (व्यावसायिक खेळाडूची) बॅग कायमची मिळाली. तो स्वतः कॅडीचा प्रो झालेला. नाव लिहीत नाही, पुण्यातल्या जुन्या मंडळींना कळेलच. मी त्याला दादा म्हणायचो. दादाचा स्विंग बघवत नव्हता. लहानपणी मोडक्या क्लबनं मारायला शिकलेला, बॅकस्विंग अर्धाच, शेवटी एक पाय उचलायचा. पण चेंडू दर वेळी तोच, डावीकडून सुरू होऊन थोडा उजवीकडे वळणारा, याला फेड म्हणतात. सकाळी सहाला मारा नाहीतर संध्याकाळी सहाला. याच स्विंगवर त्यानं एक स्पर्धा जिंकली.

आणि मग सल्ले सुरू झाले. तू आखूड मारतोस. बाहेरच्या टूरवर जायचं तर वीस यार्ड वाढव. दादा एका कोचकडे गेला, सगळा स्विंग उसवून नवा शिवला. चेंडू खरंच लांब जायला लागला, पण कुठं जाणार ते आधी सांगता येईना. क्लबचं तोंड एक अंश इकडंतिकडं झालं की तीनशे यार्डांवर चेंडू पाच यार्ड बाजूला, हे साधं भूमितीचं गणित, वर फिरकीचं वळण वेगळं. मी रेंजवर (सरावाच्या मैदानावर) मागं उभा राहून रोज बघत होतो. एकदा हळूच म्हणालो, "दादा, जुना फेड ठेवा की." त्यावर, "तू बॅग उचल."

पुढच्या मोसमात कोलकात्याला स्पर्धा होती. नव्या स्विंगनं तीन दिवस कसेबसे साथ दिली, शेवटच्या दिवशी आम्ही आघाडीत बरोबरीवर. सतरावा होल, पार तीन (म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा), समोर पाणी. माझ्या वहीत होलवरचा झेंडा 165 यार्ड, पाणी पार करायला 152. टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, दाट झाडांच्या आडोशाला होती. दादानं चिमूटभर गवत उडवलं, ते सरळ बुटांवर पडलं. "वारा नाही. सात दे."

मी खाली बघतच नव्हतो. टीवर वारा लागत नसतो, चेंडू झाडांच्या वर गेला की लागतो. नारळाचे शेंडे आमच्याकडे वाकत होते आणि ग्रीनवरचा झेंडा टीच्या दिशेनं फडफडत होता. समोरचा वारा, एका क्लबाचा पुरता फरक. मी सहा नंबरचा क्लब (नंबर लहान तसा चेंडू लांब) अर्धा बाहेर काढून धरला आणि म्हणालो, "दादा, सहा. वर वारा आहे." तो म्हणाला, नव्या स्विंगला सात पुष्कळ झाला. हात पुढंच धरलेला. दिला.

फटका देखणा बसला, आवाजसुद्धा छान आला. चेंडू वर चढला, झाडांच्या वर जाऊन जरासा लटकला, पलीकडच्या उतारावर टप्पा पडला आणि मागं घरंगळून पाण्यात. त्या होलला पाच. स्पर्धा गेली. क्लब बॅगेत कोंबताना दोन प्रो आणि स्कोअरर यांच्यासमोर दादा मोठ्यानं म्हणाला, "यार्डेज चुकीचं दिलंस." यार्डेज बरोबर होतं, वही आजही माझ्याकडे आहे. पुढच्या स्पर्धेला त्याच्या बॅगेवर दुसरा कॅडी होता. मी हे साताऱ्याला येऊन दाजींना सांगितलं, तर दाजींचं निदान तेच: जिंकल्यावर तुमचा प्रो माजला. अहो, माजला असता तर जुनाच स्विंग घेऊन आरामात खेळला असता! दिवसाला चारशे बॉल मारत होता तो. तळहाताची सालं निघाली होती.

मोठमोठ्यांचं हेच झालंय. पाड्रिग हॅरिंग्टननं 2007 आणि 2008 मध्ये मिळून तीन मेजर जिंकल्या, मग सुधारणा करायला म्हणून स्विंग खोलून बसला. पुन्हा मेजर नाही. ल्यूक डोनाल्ड 2011 ला जगात पहिला, पटिंग (ग्रीनवर चेंडू होलमध्ये ढकलणं) आणि वेज (जवळून उंच मारायचा क्लब) यांवर जगणारा माणूस. 2013 ला लांबीच्या मागं लागून कोच बदलला आणि खाली गेला तो गेलाच. उलट आज स्कॉटी शेफलर बघा. मारताना त्याचे पाय असे घसरतात की आमच्या कॅडी मास्तरनं शिवी घातली असती. पण कोच लहानपणापासूनचाच, आणि त्यानं ते पाय तसेच राहू दिले. मे 2023 पासून पठ्ठ्या पहिल्या नंबरवर ठाण मांडून बसला. 2024 ला मास्टर्स आणि ऑलिंपिक सुवर्ण, 2025 ला पीजीए आणि ब्रिटिश ओपन.

म्हणून माझा सल्ला, मागितला नसला तरी. कुणाचं पोरगं गोल्फ खेळत असेल (आमच्याकडे कोण विचारतंय म्हणा, आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाल्यापासून दुकानात येणारं प्रत्येक पोर धनुष्यच मागतं), तर ज्या स्विंगनं ते जिंकलंय त्याला हात लावू देऊ नका. लांबी विकणारे कोच गल्लोगल्ली आहेत. आणि कॅडी वर बघायला सांगत असेल तर वर बघा.

आता कुणीतरी म्हणेल, टायगरनंही 1997 ची मास्टर्स 12 फटक्यांनी जिंकून स्विंग बदललाच होता की. हो, बदलला. 1998 ला पीजीए टूरवर एकच स्पर्धा हाती लागली, 1999 ला आठ. जमलं त्याला. पण टायगरला जमलं म्हणून दादाला जमेल, हेच तर त्या कोचचं म्हणणं होतं.

नशिबाचा भाग मी वर कमी लिहिला. आठ फुटांवरून टूरवरचे प्रोसुद्धा दोनातला एकच पट (पटिंगचा फटका) होलमध्ये घालतात. चार दिवसांत अशा चार-पाच पटांनी पहिला कोण आणि दहावा कोण ते ठरतं, मग दर आठवड्याला तोच माणूस कसा जिंकेल? पैशाचंही थोडं खरं आहे. जॉन रामनं 2023 ला मास्टर्स जिंकली आणि डिसेंबरात लिव्ह या सौदी पैशावरच्या लीगशी करार केला, तिथं दाजींना अर्धे मार्क देतो.

आणि हे सगळं पुरुषांचं झालं. बायकांत अ‍ॅनिका सोरेनस्टामनं 72 स्पर्धा आणि 10 मेजर जिंकून खरंच राज्य केलं. तिच्यानंतर लोरेना ओचोआ पहिल्या नंबरवर असताना 28 व्या वर्षी, 2010 ला, स्वतःहून थांबली. तिला कुणी हरवून काढलं नाही, त्यामुळे माझं वरचं एकही कारण तिला लागू होत नाही.

ज्यांनी कोलकात्याचा किस्सा दुसऱ्या बाजूनं ऐकलाय त्यांनी कमेंटमध्ये वाद घालण्याआधी दादाला एवढंच विचारावं, की त्या टीवर उभं राहून झेंडा कुठल्या दिशेला होता.