कॅल्शियम रिअ‍ॅक्टर चालू असूनही रीफ टँकची अल्कलिनिटी का घसरते?

तुमचे आकडे आधी एका जागी मांडतो. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये ४०० लिटर पाण्याचा एसपीएस (छोट्या पॉलिपच्या कठीण कोरलांचा) टँक, त्यावर ५ लिटरचा रिअ‍ॅक्टर (कार्बन डायऑक्साइडने पाणी आम्ल करून कॅल्शियम कार्बोनेटचे दाणे, म्हणजे मीडिया, विरघळवणारं भांडं), कंट्रोलर ६.६ पीएचला लावलेला, गॅसचे मिनिटाला ३० बबल. रिअ‍ॅक्टरमधून बाहेर येणारं पाणी मिनिटाला ६० थेंब, तेही दोन-तीन दिवसांत मंदावतं. आठवड्यात अल्कलिनिटी (पाण्यातलं बायकार्बोनेट-कार्बोनेट, ज्यातून कोरल सांगाडा बांधतात; डीकेएच हे तिचं एकक) ८.५ वरून ६.४ डीकेएचवर आली, कॅल्शियम मात्र ४३० पीपीएमवर स्थिर. बबल ४५ केले तरी फरक नाही, आणि पहाटे टँकचा पीएच ७.७.

बबल परत ३० वर आणा आणि काही दिवस त्यांना हात लावू नका. कंट्रोलर ६.६ ला सोलेनॉइड (गॅसचा विजेवर चालणारा व्हॉल्व) बंद करतोच. बबल वाढवले की तो थोडा लवकर बंद होतो, एवढंच. टँकला काय मिळतं ते दोनच गोष्टींवर ठरतं: बाहेर येणाऱ्या पाण्याची अल्कलिनिटी आणि ते पाणी दिवसाला किती लिटर येतं. या दोन्ही तुम्ही मोजलेल्या नाहीत.

थेंब हे माप नव्हे, नळीच्या तोंडाप्रमाणे त्यांचा आकार बदलतो. पण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर तुमचे ६० थेंब म्हणजे ३ मिलि, दिवसाला ४.३ लिटर. त्या पाण्याची अल्कलिनिटी ३० डीकेएच आहे असं मानू, टँकची ८. म्हणजे प्रत्येक लिटरमागे २२ ची भर. २२ गुणिले ४.३ भागिले ४००, म्हणजे दिवसाला जेमतेम ०.२४ डीकेएच. टँक आठवड्यात २.१ ने खाली आला, म्हणजे रिअ‍ॅक्टर चालू असूनही रोज ०.३ ची तूट. कोरलांचा खरा खप ०.५४ च्या आसपास आहे. तो भरून काढायला ०.५४ गुणिले ४०० भागिले २२, म्हणजे दिवसाला जवळपास १० लिटर, मिनिटाला ७ मिलि पाणी लागेल. तुम्ही देताय ३, आणि व्हॉल्व चोंदला की त्याहूनही कमी. आतला पीएच कितीही खाली नेला तरी ही तूट भरणार नाही. ६.२ च्या आसपास गेलात तर मीडियाचा चिखल होईल, ते वेगळंच.

कॅल्शियम स्थिर दिसतं त्यात आश्चर्य नाही. कोरल २.८ डीकेएच वापरतात तेव्हा कॅल्शियम २० पीपीएमच घटतं. तुमच्या २.१ डीकेएचला ते १५ पीपीएम होतं, आणि कॅल्शियमच्या घरगुती टेस्ट किटची चूकच तेवढी असते. रिअ‍ॅक्टर अल्कलिनिटीवरूनच जुळवायचा.

आता मोजा. मोजपात्र आणि घड्याळ घेऊन पूर्ण पाच मिनिटांचं पाणी धरा आणि पाचाने भागा. ते पाणी थोडा वेळ ठेवून गाळ खाली बसू द्या, कारण मीडियाचे कण नमुन्यात आले तर अल्कलिनिटी फसवी जास्त दिसते. वरच्या पाण्याचा एक भाग आणि आरओ-डीआयचे (गाळून क्षार काढलेल्या पाण्याचे) तीन भाग मिसळून किटने तपासा, उत्तराला चारने गुणा.

किटवरच शंका असेल तर घरात प्रमाण द्रावण होतं: ३ ग्रॅम खायचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे) एक लिटर आरओ-डीआयमध्ये विरघळवा, त्यातले १०० मिलि घेऊन पुन्हा एक लिटर करा. हे १० डीकेएच असतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटात राहिलेल्या रिएजंटसाठी ही तपासणी करावीच.

बाहेरचं पाणी २५ ते ३५ डीकेएच आलं तर रिअ‍ॅक्टर निरोगी आहे, फक्त प्रवाह वाढवायचा. स्क्रीनवर ६.६ असताना १२-१५ आलं, तर प्रोब (पीएच मोजणारी कांडी) खोटं बोलतोय किंवा पाणी मीडियातून नीट फिरत नाही. प्रोब बाहेर काढा, टोक व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवून धुवा, आणि ७ व ४ च्या बफरमध्ये कॅलिब्रेट करा. टँकच्या प्रोबसाठी लोक ७ आणि १० वापरतात, पण इथे मोजायचं ते सातच्या खाली असतं. रिकॅलिब्रेशन जमतच नसेल किंवा रीडिंग मिनिटभर रेंगाळत असेल तर प्रोब संपला. सर्क्युलेशन पंप बंद केल्याबरोबर आकडा उडी मारत असेल तर पाण्यात वीज गळतेय. मग प्रोब नव्हे, पंप बदला आणि अर्थिंग तपासा.

तुमचा खरा आजार मात्र बाहेरच्या नळीवरच्या त्या नीडल व्हॉल्वमध्ये आहे. चिंचोळ्या जागेतून पाणी बाहेर पडताना दाब उतरतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो, पीएच चढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट नेमकं तिथेच बसतं. वर मीडियाची भुकटी आणि शेवाळट चिकटा. व्हिनेगरने धुतलात तरी आठवड्यात पुन्हा तेच. तो व्हॉल्व काढूनच टाका. पाणी पेरिस्टाल्टिक (नळी पिळून पाणी पुढे सारणाऱ्या) पंपाने आत ढकला आणि बाहेरची नळी रुंद, मोकळी ठेवा. पंप चोवीस तास चालण्यासाठी बनवलेला हवा. डोसिंगच्या छोट्या पंपाची नळी अशा कामात लवकर फाटते. काही जण हा पंप बाहेरच्या बाजूला ओढायला लावतात. मला ते पटत नाही, कारण ओढताना आत दाब कमी होतो, एखाद्या ढिल्या सांध्यातून हवा शिरते, आणि ते कळतं तेव्हा वर वायूचा कप्पा साचून सर्क्युलेशन पंप घुरघुरत असतो. ढकलणारा पंप असेल तर सांधा ढिला असल्यावर थेंब बाहेर दिसतो.

प्रवाह ७ मिलि केला की गॅसही त्याच प्रमाणात लागेल. ३० बबलांवर सोलेनॉइड सतत उघडाच राहू लागला आणि पीएच ६.६ ला पोचत नसेल तर, आणि तरच, पाच-पाचने वाढवा. ५ लिटरचा रिअ‍ॅक्टर ७ मिलिने एकदा बदलायला १२ तास घेतो, म्हणून बदल केल्यावर दीड दिवस थांबून मगच बाहेरचं पाणी तपासा. त्याच संध्याकाळी तपासून पुन्हा नॉब फिरवणं हे या छंदातलं सगळ्यात महाग व्यसन आहे.

खाली गेलेली पातळी रिअ‍ॅक्टरने वर आणू नका. ४०० लिटरला १ डीकेएच चढवायला १२ ग्रॅम खायचा सोडा लागतो. तुमचा पीएच कमी आहे, तेव्हा तो सोडा आधी ओव्हनमध्ये १५० अंशांवर तासभर भाजा (वजन भाजण्यापूर्वीचं धरा), आरओ-डीआयमध्ये विरघळवून संपच्या (टँकखालच्या फिल्टर-टाकीच्या) जोरदार प्रवाहात हळूहळू सोडा. दिवसाला १ डीकेएचहून जास्त नको.

पहाटेच्या ७.७ चा दोष रिअ‍ॅक्टरवर टाकण्याआधी एक करा. टँकचं ग्लासभर पाणी बाल्कनीत नेऊन एअर पंपाने तासभर हवा द्या, आणि दुसऱ्या ग्लासभर पाण्याला त्याच बंद खोलीत तशीच हवा द्या. बाल्कनीतल्या पाण्याचा पीएच ०.२ किंवा जास्त चढला आणि खोलीतल्याचा चढला नाही, तर कारण एसी लावून बंद केलेली खोली आहे, दिवसाला चार लिटर येणारं पाणी नव्हे. स्किमरच्या (बुडबुड्यांनी पाण्यातला मळ काढणाऱ्या यंत्राच्या) हवेची नळी खिडकीबाहेर काढा. पावसाळ्यात महापालिकेची धूरफवारणी सोसायटीत येते तेव्हा ती नळी आत ओढून घ्या, कीटकनाशक झिंग्या-खेकड्यांना मारतं. रिअ‍ॅक्टरचं पाणी स्किमरच्या तोंडाशी सोडलंत तर त्यातला बराच गॅस तिथेच उडून जातो.

सिलिंडरबद्दल दोन गोष्टी. वागळे इस्टेट किंवा रबाळे भागात तो भरून घेताना अग्निशामक सिलिंडर गळ्यात पडू देऊ नका. त्यात तळापर्यंत नळी असते, उभा ठेवला की द्रव रेग्युलेटरमध्ये येतो आणि रेग्युलेटर जातो. आणि गेजवरून गॅस किती उरला ते कळत नाही: २५ अंशांना आत द्रव असेपर्यंत काटा ६४ बारच्या आसपासच राहतो, मग एकदम पडतो. वजन करा आणि खांद्यावर कोरलेलं रिकामं वजन वजा करा. चेक व्हॉल्व पितळी नको, खारं पाणी त्याला खातं.

इन्व्हर्टर असेल तर सोलेनॉइड आणि सर्क्युलेशन पंप एकाच बोर्डावर लावा. पंप थांबला आणि गॅस चालू राहिला तर प्रोबपाशी जुनंच पाणी उभं राहतं, कंट्रोलरला काही कळत नाही, आणि वीज आली की अतिआम्ल पाणी टँकमध्ये जातं.

मीडिया निम्म्यावर आला की चाळून भुकटी टाका, जाड दाणे धुऊन परत भरा, वर नवा घाला. मॅग्नेशियम महिन्यातून एकदा तपासा. साध्या अ‍ॅरागोनाइटमध्ये ते फारसं नसतं, आणि १२०० पीपीएमच्या खाली गेलं की तुम्ही घातलेली अल्कलिनिटी कोरलांऐवजी हीटरवर आणि पंपांवर जमते.