पियानो, पेटी आणि गणित

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची असून दुसरीत शिकते. शेजारच्या दोन मुलांना पियानोची शिकवणी लावली आहे आणि त्याने गणित सुधारते, बुद्धी तल्लख होते, असे त्यांच्या घरी सांगतात. माझ्या सासूबाई स्वतः पेटी वाजवतात. घरात पेटी असताना पियानोचा खर्च कशाला, असे त्यांचे म्हणणे आहे. पियानोचा खरोखर उपयोग होतो का, वाद्य कोणते घ्यावे आणि परीक्षांना बसवावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : गणितापासून सुरुवात करतो, कारण पहिल्या भेटीत बहुतेक पालक मला हेच विचारतात. ग्लेन शेलेनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी टोरोंटो येथे सहा वर्षांच्या १४४ मुलांचे चार गट केले. एकाला कीबोर्ड, दुसऱ्याला गायन, तिसऱ्याला नाट्य शिकवले आणि चौथ्याला वर्षभर काहीच शिकवले नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी सात गुणांनी वाढला; परंतु उरलेल्या मुलांचाही चारांहून थोडा अधिक वाढला होता, म्हणजे खरा फरक तीन गुणांच्या आतबाहेरचा. पुढे २०२० मध्ये साला आणि गोबे या संशोधकांनी अशा ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा जिथे तुलनेसाठी घेतलेल्या मुलांनाही दुसरे काहीतरी शिकवले होते, तिथे हा फरक जवळजवळ नाहीसा झालेला दिसला. म्हणून केवळ गणितासाठी पियानो लावणार असाल, तर कृपया लावू नका. तो वेळ गणितालाच द्यावा.

तरीही मुलीला पियानो शिकवावा, असे मी मनापासून सांगेन. पेटीवर एक हात पट्ट्यांवर आणि दुसरा भात्यावर असतो. पियानोवर दोन्ही हातांना स्वतःचे काम असते, आणि लहान मुलाला सर्वांत जड जाते ते हेच. माझ्याकडे येणाऱ्या आठ वर्षांच्या एका मुलाला उजव्या हाताने चार मात्रांची साधी चाल वाजवायची होती आणि तेवढा वेळ डाव्या करंगळीने एकच पट्टी दाबून धरायची होती. उजवे बोट उचलले की डावी करंगळीही उचलली जायची. आम्ही डावा हात नुसता मांडीवर दाबून ठेवून पाहिला, मोठ्याने मात्रा मोजल्या, चाल निम्म्या लयीत घेतली. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी करंगळी खालीच राहिली. तो चाल संपल्यावरही थांबला आणि मान वाकवून त्या करंगळीकडे पाहत बसला. हात बसला, असे आपण म्हणतो, तो हा क्षण.

दुसरी गोष्ट कानाची. १७०० च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी हे वाद्य घडवले, ते मुख्यतः बोटाच्या दाबाने आवाज लहानमोठा करता यावा म्हणून; त्या काळच्या हार्पसिकॉर्ड या तार छेडणाऱ्या पट्ट्यांच्या वाद्यावर ते साधत नसे. पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटून मागे फिरते आणि सूर तिथूनच विरू लागतो, त्याला पेटीसारखा भात्याचा आधार नसतो. मी मुलांना डोळे मिटून खर्जातली एकच पट्टी वाजवायला आणि आवाज पूर्ण थांबल्यावर हात वर करायला सांगतो. पहिल्या दिवशी हात दोन-तीन सेकंदांत वर जातो. महिन्याभरानंतर खोलीतला पंखा बंद करा, असे मुलेच सांगतात. एवढे लक्ष देऊन ऐकण्याची सवय या वयात लागणे, हा माझ्या मते या शिक्षणाचा सर्वांत मोठा लाभ आहे.

वाद्याबाबत घाई नको. पहिले सहा महिने बोटाच्या दाबाला प्रतिसाद देणारा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरतो, उसना मिळाला तर उत्तमच. मुलगी रमली, तर खऱ्या पियानोसारख्या जड लागणाऱ्या ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्यावा. खऱ्या पियानोच्या दोनशेहून अधिक तारा वर्षातून एकदा तरी सुरात लावून घ्याव्या लागतात आणि पावसाळी दमटपणाने त्याच्या पट्ट्या अडकू लागतात. इतक्या लवकर तो व्याप कशाला? मात्र बसण्याची उंची पहिल्या दिवसापासून सांभाळावी. कोपर पट्ट्यांच्या पातळीत हवे आणि पाय लोंबकळत असतील, तर त्यांखाली पाट ठेवावा.

ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या परीक्षा भारतातही होतात. पहिली दोन वर्षे तरी त्या टाळाव्यात, असा माझा आग्रह आहे. परीक्षेपुरत्या तीन रचना वर्षभर घोटलेल्या मुलाला चौथी रचना समोर ठेवली की रडू येते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

सासूबाईंना मात्र या शिक्षणात जरूर सामील करून घ्यावे. पांढरी एक हा सा धरला, तर नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर बिलावलाचे, म्हणजे सगळे शुद्ध, सूर मिळतात, आणि पियानोच्या वर्गात सहसा पहिली शिकवतात ती सी मेजर ही स्वरमालाही तीच. आजींनी पेटीवर सा रे ग म वाजवावे आणि नातीने त्याच पट्ट्या पियानोवर शोधाव्यात. दोन्ही वाद्यांचे सूर किंचित वेगळे लागले, तर बहुतेक डिजिटल पियानोंवर सूर थोडा वरखाली करण्याची सोय असते; पण तो फरक आधी मुलीला ओळखू द्यावा, मगच जुळवावा.