दोघांची मिळून एक यादी

"मॅडम, दोघांना एकाच शहरात सीट मिळाली नाही, तर कुणी सोडायची?"

मी समुपदेशक आहे. नीट पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. कधी मुलगी स्वतः विचारते, कधी तिची आई, कधी नवरा "मित्रासाठी विचारतोय" म्हणून फोन करतो. कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल आहे, कसबा बावड्याचं मेडिकल कॉलेज आहे, शेजारी मिरजेचं आहे. त्यामुळे डॉक्टर जोडपी बरीच भेटतात. त्यातल्या एका जोडप्याबद्दल त्यांच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं देत नाही.

दोघं आले ते भर पावसात, राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत. रेनकोट दाराबाहेर टांगले, आणि बसताक्षणी त्यानं मोबाइलवर गेल्या वर्षीच्या कटऑफची फाइल उघडली. लग्नाला वर्ष झालेलं. एकाच कॉलेजात एमबीबीएस, एकाच टेबलावर समोरासमोर बसून पीजीचा अभ्यास, नोट्सही त्याच. तरी तिची रँक त्याच्यापेक्षा काही हजारांनी वर. २०० प्रश्न, ८०० गुण आणि दोन लाखांहून जास्त मुलं. तिथं सात-आठ प्रश्न इकडचे तिकडे झाले तरी रँक कुठल्या कुठं जाते. तिला जनरल मेडिसिन हवं होतं, त्याला ऑर्थो, म्हणजे हाडांची शाखा. तिच्या रँकवर मेडिसिन मिळण्यासारखं होतं. त्याला ऑर्थो मिळालं असतं, पण लांब कुठंतरी. जवळ हवं असेल तर अनेस्थेशियासारखी (भूल देण्याची) दुसरी ब्रँच घ्यावी लागणार होती.

पहिल्या भेटीत माझी चूक झाली. मी विचारलं, "तुम्ही दोघांनी काय ठरवलंय?" उत्तर त्यानं दिलं. "एकत्रच राहायचं, मॅडम. वेगळं राहून संसार होत नसतो." ती मान हलवत राहिली आणि मी ती मान होकाराची धरली. घरी जाताना लक्षात आलं की तासाभरात ती चार वाक्यंही बोलली नव्हती. तेव्हापासून जोडप्याला "तुम्ही दोघांनी" असा प्रश्न मी पहिल्या भेटीत विचारत नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आपल्याकडे पीजी प्रवेशात नवरा-बायको अशी सोयच नाही. दोघांचा अर्ज वेगळा, रँक वेगळी, चॉइस फिलिंग (कॉलेज आणि ब्रँचची पसंतीक्रमानं यादी भरणं) वेगळं. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा ऑल इंडिया कोट्यातून एमसीसी ही केंद्राची समिती भरते आणि उरलेल्या निम्म्या राज्याचा प्रवेश विभाग, सीईटी सेल. दोन्हींच्या फेऱ्या वेगवेगळ्या तारखांना चालतात. म्हणून कित्येक आठवडे असे जातात की एकाच्या हातात सीट असते आणि दुसऱ्याच्या हातात मोबाइल. माझ्याकडे येणारी सगळ्यात कडाक्याची भांडणं याच आठवड्यांतली असतात. दोघांच्या सीट ठरल्यावरची नसतात.

दुसऱ्या भेटीत तो जरा चिडूनच म्हणाला, "अमेरिकेत बघा, जोडप्याला एकत्र अर्ज करता येतो." त्याचा एक वर्गमित्र आणि त्याची बायको तिकडच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे हॉस्पिटलात राबून घ्यायच्या पीजी शिक्षणासाठी, अर्ज करत होते. त्याचं म्हणणं खरं आहे. तिथं १९८४ पासून 'कपल्स मॅच' आहे. दोघांनी आपापल्या पसंतीच्या याद्या एकमेकींना जोडायच्या. पहिल्या ओळीत तिचा एक प्रोग्रॅम आणि त्याचा एक. त्या ओळीतल्या दोन्ही जागा एकदम मिळत असतील तर ठीक, नाहीतर संगणक खालच्या ओळीवर जातो. लग्न झालेलंच असावं अशी अटही नाही. एकाला जागा मिळो, दुसऱ्याला न मिळो, तरी चालेल, अशीही ओळ लिहिता येते.

पण या सोयीची किंमत लोक सांगत नाहीत. एकटीनं अर्ज केला असता तर जी जागा तिला सहज मिळाली असती, ती जोडीची ओळ जमत नाही म्हणून हातची जाऊ शकते. किती खाली उतरायचं हे तिथंही जोडप्यालाच ठरवावं लागतं, आणि तेही निकालाच्या आधी, लिहून. मला त्यातलं हे लिहून ठेवणं फार आवडलं. मी त्यांना म्हटलं, "सरकारी फॉर्मवर तसा रकाना नसेल, पण घरात कागद आहे ना? जोडीची यादी आपण करू. मात्र आधी वेगवेगळी. एकमेकांचं बघायचं नाही."

दोघांना एकेक फुलस्केप दिला. तो खिडकीकडे तोंड करून बसला, ती टेबलाच्या कडेला. त्यानं भराभर लिहिलं. तिनं वरच्या चार ओळी लिहिल्या, मग बराच वेळ पेन नुसतंच हातात. शेवटी खाली एक आडवी रेघ मारली आणि रेघेखाली लिहिलं: "मेडिसिन सोडणार नाही." त्यावर तीनदा पेन फिरवलं होतं. अक्षर कागदाच्या मागच्या बाजूला उमटलं होतं.

त्याच्या कागदावर दुसऱ्याच ओळीत होतं: "ती जिथं, तिथं अनेस्थेशिया."

मला वाटलं, हे वाचून तिचे डोळे भरतील. ती संतापली. "तू माझ्यासाठी ऑर्थो सोडणार आणि मी जन्मभर ते फेडत बसणार? मला नको हे." मग एकदम बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. सासऱ्यांनी जयसिंगपूरला प्लॉट घेऊन ठेवलाय. तिथल्या हॉस्पिटलचा बोर्डसुद्धा घरात ठरलेला आहे: मुलाचं ऑर्थो, सुनेचं गायनॅक. आपल्याकडे तालुक्या-तालुक्याला अशी हॉस्पिटलं आहेत आणि ती उत्तम चालतात, म्हणून त्यांनाही दोष देता येत नाही. पण मेडिसिन हवं हे तिनं त्या घरात एकदाही मोठ्यानं म्हटलं नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं, आणि त्यानंही वडिलांना सांगितलं नव्हतं.

अशा वेळी त्यागाची भाषा मला धोक्याची वाटते. प्रेमानं सोडलेली गोष्टही न विचारता सोडली असेल, तर ती दुसऱ्याच्या नावावर उधारी म्हणून चढते. तीन वर्षांची रेसिडेन्सी संपते, ब्रँच मात्र पुढची तीस-पस्तीस वर्षं रोज सकाळी समोर असते. म्हणून मी साधारणपणे शहरासाठी ब्रँच सोडू नका असं सांगते. साधारणपणे म्हणते, कारण त्याच वर्षी दुसऱ्या एका मुलीनं आठ महिन्यांच्या बाळासाठी नवऱ्याच्या शहरातली पॅथॉलॉजी घेतली होती. तिनं ती डोळे उघडे ठेवून घेतली आणि मला तिचा निर्णय पूर्ण पटला होता.

या मुलानं मात्र ऑर्थो सोडायची तयारी का केली, हे मला कळत नव्हतं. ते कळलं त्याच्या आईमुळे.

सासूबाईंना तिसऱ्या भेटीला आणलं सुनेनंच, जरा धास्तावून. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. मला वाटलं, बोर्डाचा विषय निघेल. त्यांनी सुरुवातच वेगळी केली. "मॅडम, मी चंदगड तालुक्यात होते आणि ह्याचे वडील शिरोळला. नऊ वर्षं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटी धरायची. गडहिंग्लजला बदलायची, कोल्हापूरला बदलायची. घरी पोचेस्तोवर अंधार. रविवारी दुपारी परत निघायचं."

आता शिक्षकांच्या बदल्यांमध्ये पती-पत्नी एकत्रीकरण आहे. दोघांच्या शाळांमध्ये ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर प्राधान्य मागता येतं. त्यांच्या वेळी तसं काही नव्हतं.

"नोकरी सोड म्हणणारे पुष्कळ होते," त्या म्हणाल्या. "मी सोडली नाही. हिनं तरी मन का मारावं? ह्याच्या वडिलांना मी सांगते." मग मुलाकडे न बघता पुढं म्हणाल्या, "पण हा आजीपाशी वाढला. मी निघाले की हा स्टँडपर्यंत यायचा आणि गाडी हलेपर्यंत माझी पिशवी सोडायचा नाही."

तो खाली बघत बसला होता. सुनेला ही पिशवीची गोष्ट ठाऊक नव्हती. "वेगळं राहून संसार होत नसतो" हे वाक्य कुठल्या स्टँडवरनं आलंय, ते तेव्हा त्या खोलीत सगळ्यांनाच कळलं. त्या दिवशी आम्ही यादीला हात लावला नाही.

यादी झाली चौथ्या भेटीत. तिनं महाराष्ट्राचा नकाशा आणला होता. "एकच शहर" हे शब्द त्यांनी खोडले आणि त्या जागी लिहिलं, "ड्यूटी संपवून निघालं तर त्याच दिवशी पोचता आलं पाहिजे." एवढ्या बदलानं यादी दुप्पट लांब झाली. पहिली ओळ कोल्हापूर आणि कोल्हापूर, दुसरी कोल्हापूर आणि मिरज, मग पुणे, मुंबई. सहावी ओळ सोलापूर आणि लातूर. दोघांची ब्रँच प्रत्येक ओळीत कायम. नववी ओळ अशी होती: "एकाला मिळालं, एकाला नाही, तर मिळालेल्यानं जॉइन व्हायचं. दुसऱ्यानं पुन्हा परीक्षा द्यायची आणि अभ्यासाला मिळालेल्याच्या गावी राहायचं." ही ओळ लिहायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. मग याच यादीवरून प्रत्येकानं आपापलं चॉइस फिलिंग केलं.

एक गोष्ट इथं आवर्जून सांगते. कुठल्या फेरीतून विनातोटा बाहेर पडता येतं, हे आधी माहीत असू द्या. एमसीसीच्या पहिल्या फेरीतली जागा सोडली तर नुकसान नसतं. दुसरीतली सोडली तर अनामत रक्कम जाते. शेवटच्या, उरलेल्या जागांच्या स्ट्रे फेरीतली मिळालेली जागा नाकारली तर पुढे परीक्षेलाच बंदी येऊ शकते. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका दोघांनी शेजारी बसून वाचा. "मी वाचलंय, तू सही कर" असं करू नका.

तिला पहिल्याच फेरीत सोलापूरचं मेडिसिन मिळालं. त्याला नांदेडचं ऑर्थो. सोलापूर आणि नांदेड अशी ओळ यादीत नव्हती. जवळच्या नातेवाइकांनी तिला लगेच सांगितलं, अजून पैसे जात नाहीत, सोडून दे, दोघं मिळून पुढच्या वर्षी बघा. तिनं मला फोन केला तेव्हा आवाज कापत होता. मी एवढंच विचारलं की कागद कुठं आहे. कागद फ्रिजवर होता. ती सोलापूरला जॉइन झाली. त्यानं नांदेड हातात ठेवून अपग्रेड, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची जागा, मागितलं, आणि दुसऱ्या फेरीत त्याला लातूर मिळालं.

सोलापूर-लातूर एसटीनं तीनेक तासांचा रस्ता. जेआर वनच्या, म्हणजे रेसिडेन्सीच्या पहिल्या, वर्षात दोघांची सुट्टी एका दिवशी येणं म्हणजे नशीब. पोस्ट-ड्यूटी दुपारी तो लातूरहून निघतो, संध्याकाळी पोचतो, आणि कित्येकदा जेवणाचं ताट समोर असताना बसल्या जागी झोपतो. दिवाळीत ती एकटी भेटायला आली. रागावली होती. "सहा तास झोपला आणि गेला, मॅडम. बोलणं नाही, काही नाही. आणि परत निघताना स्टँडवर मला सोडायला येऊ देत नाही. रिक्षानं एकटाच जातो."

मी तिला पिशवीची आठवण करून दिली नाही. तिला ती होतीच, म्हणून तर ती हे सांगत होती. पुढच्या गुरुवारी त्याला सुट्टी आहे. तो एकटाच येणार आहे.