अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळाने मामांच्या इंजिनिअरिंग कारकिर्दीचा गौरव करणारा ठराव केला, म्हणजे नेमकं काय झालं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. आयुष्यभर पुलांची कामं केलेल्या मामांच्या निवृत्तीनिमित्त झालेला हा ठराव पद्म पुरस्कारासारखा मानायचा का, त्याचा काही फायदा मिळतो का, आणि गावच्या साप्ताहिकात ‘अमेरिकन सरकारचा पुरस्कार’ अशी बातमी दिली तर चालेल का. तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. तरीही मामांना माझं मनापासून अभिनंदन कळवा.

मी व्हर्जिनियाच्या राजधानीजवळ, रिचमंडजवळ राहतो, पेशाने स्ट्रक्चरल इंजिनिअर. आमच्या एका निवृत्त सहकाऱ्यासाठी असाच ठराव झाला, तेव्हा त्याची माहिती जमवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं, त्यामुळे पद्धत जवळून पाहिली आहे.

पद्म पुरस्काराला निवड समिती असते आणि तो राष्ट्रपतींच्या हस्ते मिळतो. इथे निवड वगैरे काही नसते. घरचं कुणी, एखादी संघटना किंवा जुने सहकारी आपल्या भागातल्या आमदाराच्या कार्यालयाला विनंती करतात. कार्यालय माहिती मागवतं आणि विधिमंडळाचे मसुदे लिहिणारे कर्मचारी ती ठरलेल्या साच्यात बसवतात. ज्याअर्थी अमुक यांनी अमुक कॉलेजातून पदवी घेतली, ज्याअर्थी त्यांनी इतकी वर्षं सेवा केली, असं करत करत शेवटी ‘त्याअर्थी ही सभा त्यांचं अभिनंदन करते’, आणि सचिवांनी याची प्रत तयार करून त्यांना द्यावी. असे ठराव गठ्ठ्याने मांडले जातात आणि आवाजी मतदानाने मंजूर होतात. विरोध कोण करणार? हा कायदा नसल्यामुळे राज्यपालांची सहीही लागत नाही. त्याच गठ्ठ्यात स्पर्धा जिंकलेला शाळेचा संघ असतो, शंभरी गाठलेल्या आजी असतात. पैसे नाहीत, पेन्शनमध्ये वाढ नाही, व्हिसाच्या रांगेत सवलत तर नाहीच नाही.

मग किंमत कशात? माझ्या मते त्या ‘ज्याअर्थी’मध्ये. सरकारी इंजिनिअरच्या नकाशावर सही असते, पण पुलावरून जाणाऱ्याला त्याचं नाव ठाऊक नसतं. त्याची सगळी नोकरी एका जागी लिहिली जाते ती बहुधा या एका कागदावर, आणि तो कागद क्रमांकासह राज्याच्या दप्तरात कायमचा राहतो. आपल्याकडे विधानभवनात विश्वचषक जिंकलेल्या क्रिकेटपटूंचा सत्कार झाला, 2024 मध्ये, आणि व्हायलाच हवा होता. पाटबंधारे खात्यातल्या कार्यकारी अभियंत्याला मात्र शाल-श्रीफळ मिळतं ते ऑफिसच्या मीटिंग हॉलमध्ये, चहा-समोशाबरोबर.

पण लिहिलं काय जातं, हेही पाहा. आमच्या सहकाऱ्याला मी विचारलं, तुझं सगळ्यात चांगलं काम कोणतं? मला वाटलं, नदीवरच्या मोठ्या पुलाचं नाव घेईल. त्याने सांगितली एका ओढ्यावरची मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्याची वाट. पावसाळी पुरात तिथला रस्ता पुन्हा पुन्हा वाहून जायचा. याने मोरीचं तोंड रुंद केलं, काठाला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर केलं, आणि रस्ता टिकला. मी ते सविस्तर लिहून पाठवलं. मंजूर मसुद्यात चर्चमधली सेवा आली, नातवंडं आली, मोरी गळाली. अजून चुटपुट वाटते.

याच्या वरची पायरी म्हणजे अमेरिकन काँग्रेसचं, म्हणजे देशाच्या संसदेचं सुवर्णपदक. तिथे नुसत्या ठरावाने भागत नाही. रीतसर विधेयक लागतं, त्याला दोन-तृतीयांश सदस्यांचा पाठिंबा गोळा करावा लागतो आणि राष्ट्राध्यक्षांची सही लागते. व्हर्जिनियातल्याच हॅम्प्टनच्या मेरी जॅक्सन यांना ते मिळालं. नासाच्या लँगली केंद्रात इंजिनिअर होण्यासाठी त्यांना गणित आणि भौतिकशास्त्राचे संध्याकाळचे वर्ग करायचे होते, पण ते भरायचे गोऱ्यांसाठी राखीव शाळेत. शहराकडे अर्ज करून त्यांनी परवानगी मिळवली आणि 1958 मध्ये नासाच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला इंजिनिअर झाल्या. त्या 2005 मध्ये वारल्या. पदकाच्या कायद्यावर सही झाली नोव्हेंबर 2019 मध्ये, आणि पदकप्रदान सोहळा त्यानंतर जवळजवळ पाच वर्षांनी, सप्टेंबर 2024 मध्ये. त्या मानाने मामांचं नशीब बरं, ठराव स्वतःच्या हाताने भिंतीवर लावता येतोय.

नुसत्या ठरावाचं वजन किती, हे बघायचं तर अंतोनियो मेउच्चींची गोष्ट वाचा. फ्लॉरेन्सहून आलेला हा संशोधक न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर राहायचा. आवाज तारेवरून पाठवण्याच्या यंत्राबद्दल त्याने 1871 मध्ये पेटंट कार्यालयात पूर्वसूचना (पुढे पेटंट मागणार असल्याची नोंद) नोंदवली, पण 1874 नंतर तिचं नूतनीकरण झालं नाही. टेलिफोनचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेलला मिळालं 1876 मध्ये. मेउच्ची 1889 मध्ये गेला. 11 जून 2002 रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधी सभेने ठराव करून त्याच्या आयुष्याचा आणि टेलिफोनवरच्या कामाचा गौरव केला. नूतनीकरणाचे 10 डॉलर मेउच्चीला भरता आले असते तर बेलला पेटंट मिळालंच नसतं, असंही त्यात म्हटलं. कॅनडात बेलला आपला मानतात. दहा दिवसांत तिथल्या संसदेने उलट ठराव केला की टेलिफोनचा जनक बेलच! इतिहासकारांचा वाद होता तिथेच राहिला, आणि पेटंट तर शंभर वर्षांपूर्वीच संपलेलं.

आता बातमीचं. ‘अमेरिकन सरकार’ अजिबात लिहू नका. हे एका राज्याचं विधिमंडळ आहे, आणि गावातला एखादा चिकित्सक वाचक तुम्हाला नक्की गाठेल. ‘व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळात अभिनंदनाचा ठराव मंजूर’ असा मथळा द्या, खाली ठरावाचा क्रमांक आणि वर्ष द्या. ठरावाची प्रत विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मिळते. आणि मामांना फोन करून विचारा, कोणतं काम त्यात यायचं राहून गेलं. ते बातमीत पहिल्या परिच्छेदात घाला.