दाढीचा जुना रेझर: खुणा वाचायच्या कशा?

प्रश्न : आमचे आजोबा बोटीवर खलाशी होते. त्यांच्या ट्रंकेत जिलेटचा एक जाडजूड रेझर सापडलाय, मानेजवळ १ ते ९ आकड्यांची चकती आहे. आजी म्हणायची की १९५२ साली लग्नात दाढी करायला म्हणून त्यांनी हा मुद्दाम आणला. खालून F आणि 3 असं काहीतरी दिसतंय. ह्यावरून साल कळेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : कळेल, पण आजींना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा! अमेरिकेत बनलेल्या जिलेटवर १९५० च्या दशकापासून एक अक्षर आणि एक आकडा यायला लागला. अक्षर म्हणजे वर्ष, आकडा म्हणजे त्या वर्षातली तिमाही. १९५१ ला W, मग X, Y, Z आणि १९५५ ला परत A पासून सुरुवात. म्हणजे F आला १९६० ला, आणि ३ म्हणजे जुलै ते सप्टेंबर. लग्नाला तोवर आठ वर्षं होऊन गेली होती. कदाचित लग्नातला रेझर वेगळा असेल आणि घरात दोघांची गोष्ट एक झाली असेल, आमच्याकडे पण घड्याळाच्या बाबतीत अगदी हेच झालंय.

आता एक गंमत. ह्या यादीत Q नाहीये, त्यामुळे २५ वर्षांनी तेच अक्षर परत येतं, म्हणजे F १९६० चा पण आणि १९८५ चा पण. मग नुसतं अक्षर बघून कसं ठरवायचं, तर रेझरचा चेहरा बघायचा. जाड दांडी आणि ९ आकड्यांची चकती म्हणजे तो १९५ नावाचं मॉडेल, ज्याला जमवणारे लोक फॅट बॉय म्हणतात. १९५ हे नाव त्याच्या किमतीवरून पडलं, एक डॉलर पंच्याण्णव सेंट. हा १९५८ च्या शेवटी आला आणि १९६१ मध्ये त्याच्या जागी बारीक दांडीचा स्लिम आला. त्यामुळे तुमचा १९६० चाच, १९८५ चा प्रश्नच येत नाही.

तरी खात्रीसाठी अक्षर नीट वाचून घ्या. पन्नास-साठ वर्षांचा साबण तिथे दगडासारखा बसलेला असतो, E चा F आणि F चा P दिसतो. खालचा नॉब फिरवा, वरची दोन झाकणं दारासारखी उघडतील, असला तर ब्लेड काढा, कोमट पाण्यात भांड्यांचा साबण टाकून अर्धा तास बुडवून ठेवा आणि जुन्या टूथब्रशने हळू घासा. मग डोक्याची खालची बाजू वर करून टॉर्च सरळ न मारता आडवा धरा, खाचेत सावली पडली की अक्षर आपोआप उठून दिसतं.

प्रश्न : पुण्यात जुन्या बाजारात एक जण तीन तुकड्यांचा जिलेट दाखवत होता. त्यावर Pat. Nov 15 1904 असं लिहिलंय म्हणून १९०४ चा आहे म्हणे, चार हजार मागतोय. घेऊ का?

उत्तर : थांबा! ती तारीख रेझर बनल्याची नाही, पेटंट मिळाल्याची आहे. कंपनीचा संस्थापक किंग जिलेट (किंग हे त्याचं नावच), त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं १५ नोव्हेंबर १९०४ ला, आणि तीच तारीख पुढे वर्षानुवर्षं रेझरवर छापली जात होती. म्हणजे वस्तू त्या तारखेच्या आधीची नाही इतकंच कळतं. मी स्वतः ह्यात फसलोय, अशाच एका तारखेवर भाळून दुप्पट पैसे दिले आणि घरी येऊन बघतो तर दांडी दुसऱ्याच रेझरची, डोकं तिसऱ्याच रेझरचं. तीन तुकडे असले की अदलाबदल फार सोपी असते.

विचार करा, १९०३ मध्ये कंपनीचे फक्त ५१ रेझर विकले गेले, १९०४ मध्ये साधारण ९० हजार. खरोखर १९०४ चा असा रस्त्यावर पसरलेल्या चादरीवर सहज मिळेल का? सिरीयल नंबर बघा, नुसता आकडा असेल तर अगदी सुरुवातीचा, आकड्याबरोबर अक्षर असेल तर नंतरचा. Jan 13 1920 ही तारीख दिसली तर तो १९२१ ला आलेलं न्यू इम्प्रूव्ह्ड नावाचं मॉडेल, जुनं पेटंट संपायच्या तोंडावर काढलेलं. अजून एक खूण सांगतो, टोपीच्या, म्हणजे ब्लेडवरच्या झाकणाच्या, मधे स्क्रू आणि दोन बाजूंना दोन खुंट्या, म्हणजे तीन भोकांच्या ब्लेडसाठी बनवलेला. मधे लांब फट असलेलं ब्लेड जिलेटने १९३० ला आणलं, म्हणजे खुंट्यांचा रेझर साधारण त्याआधीचा. आजचं फटीचं ब्लेड जुन्यातही बसतं, त्यामुळे दुकानदाराने ब्लेड लावून दाखवलं ह्यावरून काहीच सिद्ध होत नाही. चार हजार देऊ नका.

प्रश्न : माझ्या जर्मन रेझरवर D.R.G.M. असं लिहिलंय. ही कंपनी नेटवर सापडत नाही.

उत्तर : सापडणारच नाही, ती कंपनी नाहीये. जर्मन राइशमध्ये, म्हणजे दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या जर्मनीत, छोट्या शोधांची, म्हणजे पेटंटच्या खालच्या दर्जाची जी नोंदणी व्हायची तिची ती खूण, १८९१ पासूनची. भिंतीवरच्या घड्याळांवर, खेळण्यांवर, कशावरही असते. बनवणाऱ्याचं नाव वेगळं शोधा, सोलिंगेन लिहिलेलं असलं तर ते गाव आहे, सुऱ्या-पात्यांसाठी प्रसिद्ध. D.R.G.M. म्हणजे बहुतेक दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा किंवा त्या काळातला. वेस्ट जर्मनी लिहिलेलं असेल तर १९४९ नंतरचा, कारण त्याआधी तो देशच नव्हता.

प्रश्न : धातूची लांबट डबी आहे, एका झाकणात चामडं, दुसऱ्यात दगड. आत एकच जाड पातं. हे दाढीचं आहे की सुतारकामाचं?

उत्तर : दाढीचंच! लंडनचा रोल्स रेझर आहे हा. दांडी डबीत पुढे-मागे ओढली की पातं खटक-खटक उलटत दगडावर किंवा चामड्यावर धार लावून घेतं, एकच पातं वर्षानुवर्षं चालायचं. ह्याला जिलेटसारखी अक्षराची खूण नाही. इंपीरियल नंबर २ असं काही मॉडेलचं नाव डबीवर असेल, त्यावरून मॉडेल कळतं, साल नाही. शेवटची हद्द मात्र पक्की आहे, कंपनी पुढे वॉशिंग मशीन विकायला लागली आणि १९६४ मध्ये बुडाली. आणि हो, ब्रासो लावू नका, वरचं निकेल आधी जातं आणि मग कोरलेलं नाव. दगडाला तडा आहे का तेवढं बघून कळवा.