मध्ययुगीन इस्लामी कलेतली सिंहाच्या आकाराची धूपदाणी वापरायचे कशी, धूप ठेवायचा कुठे?

डोकं काढून, सिरियसली! न्यूयॉर्कच्या मेट (मेट्रोपॉलिटन) म्युझियममध्ये एक ब्राँझचा सिंह आहे, इराणचा, 1181-82 चा, उंची जवळपास 85 सेंमी म्हणजे आपलं देवघरातलं धुपाटणं त्याच्यापुढे खेळणंच वाटेल. मुंडकं काढायचं, आत निखारे आणि धूप टाकायचा, परत बसवायचं, मग मानेच्या आणि अंगाच्या जाळीतून सुगंधी धूर बाहेर. अंगावर अरबीत बनवणाऱ्याचं नाव, ज्या अमिरासाठी (म्हणजे सरदारासाठी) बनवला त्याचं नाव आणि सालसुद्धा कोरलंय.

पण मला विचाराल तर खरी कमाल ब्रिटिश म्युझियममधल्या पितळी गोळ्याची, तीही धूपदाणीच. 13व्या शतकातला, बैसरी नावाच्या ममलूक (तेव्हा इजिप्त-सीरियावर राज्य करणारे) अमिराचा, वर चांदीचं जडावकाम, दोन अर्धगोल जोडलेले आणि आतली निखाऱ्याची वाटी एकात एक फिरणाऱ्या कड्यांवर अशी टांगलेली की गोळा कसाही गडगडवा, वाटी सरळच राहते, निखारे सांडत नाहीत (जहाजावरचं होकायंत्र असंच बसवतात).

गुलाबपाण्याला मात्र वेगळं भांडं, लांब बारीक मानेचं, म्हणजे लग्नात आपल्यावर शिंपडतात ना त्या गुलाबदाणीच्या घराण्यातलंच.