सेव्हिलचा प्लाझा दे एस्पान्या पाहायला किती वेळ ठेवावा?

स्पेनमधील सेव्हिल शहरात एकच दिवस हाताशी असताना प्लाझा दे एस्पान्या या चौकासाठी एक तास पुरेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या अनुभवावरून सांगतो, पुरणार नाही. किमान अर्धी सकाळ राखून ठेवावी आणि तीही सकाळच, कारण अर्धवर्तुळाकार इमारत पश्चिमेकडे उघडत असल्याने त्या वेळी तिच्या पायथ्याचे कोनाडे सावलीत असतात.

वास्तुविशारद आनिबाल गोन्सालेस यांनी हा चौक १९२९ च्या इबेरो-अमेरिकन प्रदर्शनासाठी, म्हणजे स्पेन, पोर्तुगाल आणि अमेरिका खंडातील देशांच्या प्रदर्शनासाठी, आखला. १९१४ मध्ये सुरू झालेले काम १९२८ पर्यंत चालले. सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचा कालवा इमारतीच्या वळणाला धरून जातो आणि त्यावरचे चार पूल कास्तिल, लेओन, आरागॉन व नाव्हारा या जुन्या राज्यांची आठवण म्हणून बांधलेले आहेत. कालव्यात वल्ह्यांच्या नावा भाड्याने मिळतात. पुलांवरून जाताना मात्र निळ्या-पांढऱ्या झिलईचे कठडे जवळून, हात लावून पाहावेत.

खरा वेळ द्यावा तो कोनाड्यांना. स्पेनच्या प्रांतांचे असे ४८ कोनाडे वर्णानुक्रमे मांडलेले आहेत. प्रत्येकात टाइल्सचे बाक, पायाशी प्रांताचा नकाशा, पाठीमागे इतिहासातला एखादा प्रसंग आणि दोन्ही बाजूंना पुस्तके ठेवण्यासाठी छोटी फडताळे आहेत. ग्रानादाच्या कोनाड्यापाशी मी सर्वांत जास्त रेंगाळलो. तेथे १४९२ मध्ये शेवटचा मुस्लिम राजा बोआब्दिल ग्रानादा शहर फर्नांदो व इसाबेल या कॅथलिक राजाराणीच्या स्वाधीन करतो, तो प्रसंग रंगवलेला आहे. आणि झिलईच्या टाइल्सची ही कला स्पेनमध्ये रुजली ती मुस्लिम राजवटीतच. या टाइल्सना म्हणतात तो ‘आसुलेहो’ हा शब्दही मूळचा अरबीच आहे. पणजीत मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातली निळी चित्रे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना ही कला अनोळखी वाटणार नाही, कारण पोर्तुगीजांमार्फत ती गोव्यापर्यंत पोहोचली.

चौकात प्रवेशशुल्क नाही. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, म्हणून दुपारी शेजारच्या मारिया लुइसा उद्यानातल्या झाडांखाली थांबावे आणि ऊन उतरल्यावर नदीपलीकडच्या त्रियाना वस्तीत जावे. कुंभारांच्या या जुन्या वस्तीत एका पूर्वीच्या कारखान्यातच सिरॅमिक संग्रहालय आहे. टाइल्स भाजण्याच्या जुन्या भट्ट्या तेथे पाहता येतात.